सरासरीवरून शून्याचा पत्ता कसा लागतो? (झीटा, एल-फंक्शन आणि त्यांची कुटुंबं)

सह्यकडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मूळ संख्यांवर बोलता बोलता आपण रीमान अटकळीपर्यंत (झीटा फंक्शनची सगळी महत्त्वाची शून्यं एकाच उभ्या रेषेवर असतात, हा अजून सिद्ध न झालेला अंदाज) येऊन थांबलो होतो. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो आणि एक प्रश्न मनात रुतून बसला. तो इथेच विचारावासा वाटतो.

झीटा फंक्शन म्हणजे १ + १/२^एस + १/३^एस + … या बेरजेचा संमिश्र संख्यांपर्यंत केलेला विस्तार, आणि त्याचं शून्य म्हणजे त्याची किंमत शून्य होते असा एक नेमका बिंदू. वास्तव भाग १/२ असलेल्या उभ्या रेषेवर, म्हणजे क्रांतिक रेषेवर, पहिलं शून्य १४.१३४७ उंचीवर सापडतं, दुसरं २१.०२२० वर, तिसरं २५.०१०९ वर. सरासरी मात्र असंख्य बिंदूंवरच्या किमती एकत्र करून काढतात. एका बिंदूवर किंमत शून्य असली काय आणि नसली काय, सरासरीला त्याचा पत्ताही लागणार नाही. तरी या विषयातले मोठे निकाल बघावेत तर बहुतेक सगळे सरासरीच्या वाटेने आलेले. हार्डी, लिटलवुड, इंगम, सेलबर्ग इथपासून ते २०२४ च्या गुथ-मेनार्डपर्यंत.

हे जमतं कसं? बारावीपर्यंतचं गणित आठवणाऱ्या माणसाला सिद्धतेचा गाभा दिसेल असं कुणी लिहील का? निकालांची यादी मला मिळाली आहे, मला त्यामागची हालचाल समजून घ्यायची आहे.

परिमेय

फार सुंदर प्रश्न आहे. सुरुवात हार्डीपासून करतो, कारण त्याच्या प्रमेयात ही हालचाल सगळ्यात उघडी दिसते. क्रांतिक रेषेवर झीटाची अनंत शून्यं आहेत हे हार्डीने १९१४ साली सिद्ध केलं. त्याची आज शिकवली जाणारी एक सिद्धता अशी आहे.

क्रांतिक रेषेवर झीटाची किंमत संमिश्र असते. पण तिला प्रत्येक उंचीवर एका ठरावीक कोनातून फिरवलं की वास्तव किंमत मिळते. हेच हार्डीचं झेड फंक्शन. त्याचं आकारमान झीटाइतकंच, फक्त आता त्याला अधिक-उणे चिन्ह आहे. आणि सलग आलेख धनातून ऋणात जाताना शून्य ओलांडल्याशिवाय जाऊ शकत नाही.

आता समजा एका उंचीच्या वर एकही शून्य नाही. मग झेड तिथून पुढे कायम धन किंवा कायम ऋण राहणार. म्हणजे टी या कुठल्याही मोठ्या उंचीपासून २टी पर्यंत झेडचं संकलन केलं काय, किंवा आधी चिन्हं पुसून मग संकलन केलं काय, आकडा तोच यायला हवा. इथे दोन्ही संकलनं वेगवेगळी मोजता येतात. चिन्हं पुसून केलेलं संकलन टी च्या एका ठरावीक पटीपेक्षा कमी होत नाही. चिन्हांसकट केलेलं संकलन टी च्या ७/८ व्या घाताच्या ठरावीक पटीपलीकडे जात नाही. टी मोठा झाला की हे दोन आकडे सारखे असणं अशक्य. म्हणजे धन आणि ऋण भाग एकमेकांना खात आहेत, म्हणजे चिन्ह बदलतंय, म्हणजे शून्य आहे.

इथे एकाही शून्याची जागा काढलेली नाही. दोन सरासऱ्यांमधल्या तफावतीचं दुसरं काही कारणच उरत नाही, म्हणून शून्य मान्य करावं लागतं. मला स्वतःला गणितातल्या सगळ्यात आवडत्या युक्तिवादांपैकी हा एक.

पुढची वाटचाल भराभर सांगतो. १९२१ मध्ये हार्डी आणि लिटलवुडनी शून्यांची संख्या उंचीच्या किमान ठरावीक पटीत आहे हे दाखवलं. सेलबर्गने १९४२ मध्ये एकूण शून्यांचा काही एक धन हिस्सा रेषेवर आहे इथपर्यंत मजल मारली. लेव्हिन्सनने १९७४ मध्ये तो हिस्सा एक तृतीयांशावर नेला, कॉनरीने १९८९ मध्ये दोन पंचमांशावर. २०२० मध्ये प्रॅट, रोबल्स, झहारेस्कू आणि झाइंडलर यांनी ५/१२ चा टप्पा गाठला. संगणकाने तपासलेली उंची तर ३ लाख कोटींपर्यंत पोहोचली आहे (प्लॅट आणि ट्रजियन, २०२१). तिथवर एकही शून्य रेषेबाहेर नाही.

गणितवेडी

परिमेय, कोनातून फिरवण्याची गोष्ट आज पहिल्यांदा नीट कळली, मनापासून आभार. एक विचारते. यात सरासरी एकाच फंक्शनची, वेगवेगळ्या उंचींवर घेतलेली आहे. पण शीर्षकात एल-फंक्शनची 'कुटुंबं' म्हटलंय. तिथे सरासरी नेमकी कशाची घेतात?

कंपासपेटी

याला उदाहरणानेच उत्तर देते. माधवाची श्रेणी आपल्या सगळ्यांना माहीत असते. १ − १/३ + १/५ − १/७ + … ही बेरीज पाय भागिले ४ येते. केरळच्या संगमग्रामच्या माधवाने चौदाव्या शतकात शोधलेली ही श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत एका डिरिक्ले एल-फंक्शनची १ या बिंदूवरची किंमत. छेदांना वेगवेगळे घात दिले की पूर्ण फंक्शन मिळतं. ४ ने भागून १ उरणाऱ्या संख्यांना अधिक, ३ उरणाऱ्यांना उणे, सम संख्यांना शून्य, असं हे चिन्हांचं कॅरेक्टर आहे. ४ च्या जागी दुसरे मॉड्युलस (ज्याने भागून बाकी बघायची ती संख्या) घ्या, दुसरी कॅरेक्टरं मिळतात आणि प्रत्येकाचं स्वतःचं एल-फंक्शन. डिरिक्लेने १८३७ साली ती वापरून दाखवलं की ४ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत, ३ उरणाऱ्याही अनंत आहेत, आणि कुठल्याही योग्य अंकगणिती श्रेढीत तसंच घडतं. त्या सिद्धतेचा कणा हाच, की १ या बिंदूवर ही किंमत शून्य नसते.

आता १ सोडून मध्यबिंदूवर, म्हणजे १/२ वर या. माधवाच्या श्रेणीत छेदांची वर्गमुळं घ्यायची: १ − १/√३ + १/√५ − १/√७ + … कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा. पहिल्या सहा पदांच्या आंशिक बेरजा येतात १, ०.४२२७, ०.८६९९, ०.४९१९, ०.८२५२, ०.५२३७. खूप हेलकावे आहेत. पण शेजारच्या दोन-दोन बेरजांची सरासरी घ्या, त्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी, आणि आणखी एकदा. मग आकडे ०.६७१२, ०.६६६७, ०.६६८१ असे एकवटतात. खरी किंमत ०.६६७७ च्या आसपास आहे. शून्य नाही. या फंक्शनचं क्रांतिक रेषेवरचं पहिलं शून्य ६.०२०९ उंचीवर आहे.

मग प्रश्न असा पडतो की ज्यांच्या किमती फक्त १, −१ आणि ० असतात अशा सगळ्याच कॅरेक्टरांचं, म्हणजे द्विघाती कॅरेक्टरांचं एल-फंक्शन मध्यबिंदूवर शून्येतर असतं का? सर्वदमन चावलांची अटकळ आहे की हो, नेहमीच. एकेक कॅरेक्टर घेतलं तर गणित करून तपासता येतं. पण ती अनंत आहेत आणि सगळ्यांना एकदम लागू पडणारा युक्तिवाद आज कुणाकडेही नाही. म्हणून मॉड्युलस एका मर्यादेपर्यंत ठेवून त्यातली सगळी कॅरेक्टरं एकत्र घ्यायची आणि मध्यबिंदूवरच्या किमतींची सरासरी काढायची. गणितवेडी, कुटुंबावरची सरासरी म्हणजे हीच.

परिमेय

कंपासपेटीने नेमकं तिथेच आणून सोडलंय जिथे सह्यकड्याच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर सुरू होतं.

सोसायटीत गणपतीची वर्गणी गोळा झाली. १०० घरं, एकूण ५०,००० रुपये. किती घरांनी वर्गणी दिली? एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही, एकाच घराने सगळी रक्कम दिलेली असू शकते. पण प्रत्येक घराच्या रकमेचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीजही कुणी सांगितली तर? एकूण बेरजेचा वर्ग भागिले वर्गांची बेरीज, इतक्या घरांनी तरी वर्गणी दिलेलीच असते. सगळ्यांनी ५०० दिले तर वर्गांची बेरीज अडीच कोटी, बेरजेचा वर्ग २५० कोटी, उत्तर १००. एकट्यानेच ५०,००० दिले तर वर्गांची बेरीजही २५० कोटी, उत्तर १. ही कोशी-श्वार्झची असमता.

घरांच्या जागी कॅरेक्टर ठेवा आणि वर्गणीच्या जागी मध्यबिंदूवरची किंमत. शून्येतर किंमत असलेली कॅरेक्टरं किमान किती हे पहिल्या दोन सरासऱ्यांवरून निघतं. द्विघाती कुटुंबासाठी दोन्ही सरासऱ्या युटिलाने १९८१ साली काढल्या. मॉड्युलसची मर्यादा एक्स धरली तर किमतींची सरासरी लॉग एक्सच्या पटीत वाढते आणि वर्गांची सरासरी लॉग एक्सच्या घनाच्या पटीत. भागाकार करा: लॉगचा वर्ग भागिले लॉगचा घन, म्हणजे १/लॉग एक्स. शून्येतर कॅरेक्टरं अनंत आहेत हे सिद्ध झालं, पण कुटुंबातला त्यांचा हिस्सा मात्र हातातून निसटतो, कारण १/लॉग एक्स हळूहळू शून्याकडे जातो.

लॉगचं हे नुकसान का होतं? कारण मोजकीच कॅरेक्टरं अशी असतात की त्यांची किंमत प्रचंड मोठी असते, आणि वर्ग केल्यावर सगळी बेरीज तीच व्यापून टाकतात. त्यांना आवरायचं तर प्रत्येक किंमतीला अशा एका छोट्या बेरजेने गुणायचं जी साधारण १ भागिले एल सारखी वागते. या बेरजेला मॉलिफायर म्हणतात. सेलबर्गने १९४२ मध्ये झीटासाठी हेच हत्यार वापरलं होतं. किंमत मोठी असेल तिथे मॉलिफायर लहान, त्यामुळे गुणाकार १ च्या आसपास राहतो. आणि मूळ किंमत शून्य असेल तर गुणाकारही शून्यच, म्हणून गुणाकार शून्येतर असलेली कॅरेक्टरं मोजली तरी मोजणी खरीच राहते. आता दोन्ही सरासऱ्या स्थिर आकड्यांकडे जातात आणि भागाकारात लॉग उरत नाही.

सौंदरराजन यांनी २००० साली हे द्विघाती कॅरेक्टरांच्या एका नैसर्गिक कुटुंबासाठी पूर्ण केलं. निकाल असा की किमान ७/८ कॅरेक्टरांसाठी मध्यबिंदूवरची किंमत शून्य नाही. रीमान अटकळ वगैरे काहीही गृहीत न धरता!

सह्यकडा

आता प्रकाश पडला. हार्डीकडे शून्य आहे हे दाखवायला सरासरी, आणि इथे शून्य नाही हे दाखवायला सरासरी. दोन्हीकडे दोन वेगवेगळ्या सरासऱ्या समोरासमोर उभ्या केल्या आहेत, एकटी सरासरी कुठेच पुरत नाही. हे मी इतके दिवस वाचूनही मला दिसलं नव्हतं.

मग आणखी वरच्या घातांच्या सरासऱ्या? चौथा, सहावा, आठवा घात? त्या माहीत आहेत का?

नदीकाठ

हा भाग मला लिहू द्या, मला यातली गोष्ट फार प्रिय आहे.

झीटासाठी, क्रांतिक रेषेवर, आकारमानाच्या वर्गाची टी उंचीपर्यंतची सरासरी लॉग टी येते. हार्डी-लिटलवुड, १९१८. चौथ्या घाताची सरासरी लॉग टी च्या चौथ्या घाताला २ पाय-वर्गाने भागून येते. इंगम, १९२६. आणि सहावा घात? १९२६ पासून आजवर कुणालाही सिद्ध करता आलेला नाही. शंभर वर्षं होत आली.

पण उत्तर काय असावं याचा अंदाज आहे. २के या घातासाठी लॉगचा घात के-वर्ग यावा असं मानतात. पुढचा सहगुणक दोन भागांत फुटतो. एक भाग सगळ्या मूळ संख्यांवरचा गुणाकार असतो, तो लिहिता येतो. दुसऱ्या भागात एक गूढ पूर्णांक असतो, भागिले के-वर्गाचं फॅक्टोरियल. के = १ ला हा पूर्णांक १ आहे, के = २ ला २. कॉनरी आणि घोष यांनी के = ३ साठी ४२ असा अंदाज बांधला. मग कॉनरी आणि गोनेक यांनी प्रचंड कष्टाने के = ४ साठी २४०२४ काढला. त्या वाटेने पुढे जाता येईना.

त्याच काळात ब्रिस्टलमध्ये कीटिंग आणि स्नेथ पूर्णपणे वेगळ्या दिशेने येत होते. त्यांनी झीटाच्या जागी यादृच्छिक युनिटरी मॅट्रिक्सची (लांबी न बदलता फिरवणाऱ्या, यदृच्छेने निवडलेल्या अंकचौकटीची) वैशिष्ट्य बहुपदी घेतली, तिच्या सगळ्या घातांच्या सरासऱ्या नेमक्या काढल्या आणि प्रत्येक के साठी सूत्र मिळवलं. १९९८ च्या व्हिएन्नातल्या परिषदेत दोन्ही गट भेटले. कीटिंगच्या व्याख्यानाच्या थोडं आधी फळ्यावर के = ४ घालून बघितलं आणि २४०२४ च निघाला.

हे मॅट्रिक्स आले कुठून? १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत चहाच्या वेळी माँटगोमेरीने झीटाच्या शून्यांमधल्या अंतरांबद्दलचं आपलं सूत्र फ्रीमन डायसनला सांगितलं. डायसनने लगेच ओळखलं की अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांसाठी वापरतात त्या यादृच्छिक मॅट्रिक्समध्ये हेच सूत्र येतं. माँटगोमेरीला आग्रहाने डायसनकडे नेलं ते सर्वदमन चावलांनी. वर कंपासपेटीने लिहिलेली अटकळ ज्यांची, तेच.

आणि एक गोष्ट ज्यांना हाताने करून बघायची आवड आहे त्यांच्यासाठी. २×२ च्या चौकटीत १ ते ४ अंक असे भरा की प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे आणि प्रत्येक स्तंभात वरून खाली अंक वाढत जातील. बरोबर २ प्रकारे भरता येतात. ३×३ मध्ये १ ते ९ तसेच भरा, ४२ प्रकार. ४×४ मध्ये १ ते १६, प्रकार २४०२४. झीटाच्या सरासरीत दडलेला पूर्णांक चौकटीत अंक भरण्याचे प्रकार मोजतो!

गणितवेडी

२×२ चे दोन्ही प्रकार लिहून काढले. पहिल्या ओळीत १, २ किंवा १, ३. तिसरा प्रकार होऊच शकत नाही, कारण १ आणि ४ च्या जागा ठरलेल्या आहेत. ३×३ ला आता मुलीला सोबत घेऊन बसणार आहे.

पश्चिमघाट

धागा वाचून राहवलं नाही. या विषयाशी मुंबईचं जुनं नातं आहे आणि त्याची नोंद इथे व्हायलाच हवी. १९५६ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने झीटा फंक्शनवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. सेलबर्गने आपलं प्रसिद्ध ट्रेस सूत्र मांडलं तो लेख त्याच परिषदेशी जोडलेला आहे आणि तो इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला गेला. त्यात एक वेगळंच झीटा फंक्शन येतं. त्याची शून्यं एका भूमितीय पृष्ठभागाच्या आयगेनव्हॅल्यूंशी (त्याच्या नैसर्गिक कंपनांशी निगडित संख्यांशी) जोडलेली असतात, आणि वास्तव शून्यं सोडली तर बाकीची अर्ध्याच्या रेषेवरच असतात, कारण आयगेनव्हॅल्यू वास्तव असतात.

पुढे त्याच संस्थेत के. रामचंद्र यांनी सरासऱ्यांवर आयुष्यभर काम केलं. क्रांतिक रेषेवर झीटा किती मोठा होतो याचे खालचे अंदाज त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी आर. बालसुब्रमण्यन यांनी सरासरीच्याच पद्धतीने काढले. १९७८ मध्ये दोघांनी हार्डी-रामानुजन जर्नल सुरू केलं. १९९२ मध्ये बालसुब्रमण्यन आणि कुमार मूर्ती यांनी एका मोठ्या मूळ मॉड्युलसच्या सगळ्या डिरिक्ले कॅरेक्टरांच्या कुटुंबात काही एक धन हिस्सा मध्यबिंदूवर शून्येतर असतो हे पहिल्यांदा दाखवलं. तो हिस्सा लहान होता, पण त्याआधी तिथे धन हिस्सा कुणालाच मिळालेला नव्हता.

गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी आपण इतिहासकार म्हणून वाचतो. तेही याच संस्थेत गणिती होते. १९४३ मध्ये त्यांनी यादृच्छिक फंक्शनांच्या विस्तारावर लिहिलेलं काम आज जगभर वापरलं जातं, बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या नावाने. १९५९ मध्ये त्यांनी संभाव्यतेच्या मार्गाने रीमान अटकळ सुटल्याचा दावा एका कृषी-संख्याशास्त्रीय नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी तो स्वीकारला नाही आणि स्वीकारण्याजोगा तो नव्हताही. पण शून्यांकडे संभाव्यतेच्या नजरेने बघण्याची त्यांची ओढ मला आजही जवळची वाटते.

कंपासपेटी

सह्यकड्याने सुरुवातीला गुथ-मेनार्डचा उल्लेख केला होता. त्याबद्दल थोडंसं. तिथे प्रश्न उलटा आहे. रीमान अटकळ चुकीची असून काही शून्यं रेषेच्या उजवीकडे असलीच, तर ती जास्तीत जास्त किती? शून्य असेल तिथे डिरिक्ले बहुपदी नावाची एक सांत बेरीज मोठी व्हावी लागते. आणि ती किती ठिकाणी मोठी होऊ शकते यावर सरासरी लगाम घालते. वास्तव भाग ३/४ च्या आसपास इंगमने १९४० मध्ये दिलेली मर्यादा सगळ्यात अडून बसली होती. तिथला घातांक १२/५ होता, तो गुथ आणि मेनार्ड यांनी २०२४ मध्ये ३०/१३ वर आणला. परिणाम मूळ संख्यांवर: एक्सच्या आसपास मूळ संख्या अपेक्षित प्रमाणात सापडतात हे सांगायला आधी एक्सच्या ७/१२ व्या घाताहून किंचित लांब अंतर लागायचं, आता १७/३० व्या घाताहून किंचित लांब पुरतं. रीमान अटकळीने ते साधारण १/२ पर्यंत येईल.

सह्यकडा

सगळ्यांचे खूप खूप आभार. एकच उरलंय. ७/८ ठीक, पण उरलेलं १/८ कुठे अडतं? मॉलिफायर आणखी चांगला घेतला तर पूर्ण १ मिळणार नाही का?

परिमेय

मॉलिफायर जितका लांब, तितका तो १ भागिले एल च्या जवळ. पण लांब केला की सरासरी काढताना उरणाऱ्या चुकीच्या पदांवर ताबा राहत नाही. डिरिक्ले कॅरेक्टरांच्या कुटुंबात हे फार स्वच्छ दिसतं. मॉलिफायरची लांबी मॉड्युलसच्या थीटाव्या घाताइतकी धरली तर हिस्सा थीटा/(१ + थीटा) येतो. इवानिएक आणि सारनाक यांनी १९९९ मध्ये थीटा १/२ च्या जवळ नेला आणि १/३ मिळवला. थीटा १ झाला तरी फक्त १/२ मिळेल.

दुसरी वाट मध्यबिंदूच्या अगदी जवळच्या शून्यांची सरासरी घनता मोजण्याची. सार्वत्रिक रीमान अटकळ (सगळ्या एल-फंक्शनांसाठी तीच अटकळ) गृहीत धरून ओझलुक आणि स्नायडर यांनी द्विघाती कुटुंबासाठी त्या वाटेने १५/१६ मिळवलं. कॅट्झ आणि सारनाक यांच्या अंदाजानुसार या कुटुंबाची शून्यं मध्यबिंदूपासून दूर ढकलली जातात. ती घनता पूर्ण सिद्ध झाली तर हिस्सा १०० टक्के होईल.

पण शंभर टक्के म्हणजे सगळी कॅरेक्टरं असं होत नाही, अपवाद अनंत असूनही त्यांचा हिस्सा शून्याकडे जाऊ शकतो. आणि ही नुसती शंका नाही. पूर्णांकांच्या जागी सांत क्षेत्रावरच्या (मोजकेच घटक असलेल्या, तरी बेरीज-गुणाकार-भागाकार चालणाऱ्या संख्याप्रणालीवरच्या) बहुपदी घेतल्या तर तिथे रीमान अटकळ वेईने केव्हाच सिद्ध केली आहे. बुई आणि फ्लोरिया यांनी तिथे किमान ९४ टक्के द्विघाती एल-फंक्शन मध्यबिंदूवर शून्येतर असल्याचं दाखवलं. आणि २०१८ मध्ये वानलिन ली यांनी दाखवलं की काही सांत क्षेत्रांवर मध्यबिंदूवर शून्य असलेली द्विघाती एल-फंक्शन अनंत आहेत. म्हणजे तिथे चावलांच्या विधानाचं प्रतिरूप चुकीचं ठरतं. ते अपवाद कुठलीही सरासरी काढून सापडले नाहीत. वक्रांची भूमिती वापरून ते बांधावे लागले. पूर्णांकांच्या बाजूला असा एकही अपवाद आजवर मिळालेला नाही.